पाणी पळतंय, तेल मात्र पसरतंय : तेल झटकणारा पृष्ठभाग नेमका कसा बांधायचा?

शिरोली_टूलरूम
नमस्कार मंडळी. ॲल्युमिनियमच्या १ मिमी जाड पट्ट्या सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडात खरवडून, धुऊन, स्टिअरिक ॲसिडच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात बुडवून वाळवल्या. पाण्याचा थेंब मण्यासारखा गडगडतो, पट्टी जराशी कलली की खाली. त्याच पट्टीवर मशीनचं तेल टाकलं की कोऱ्या पत्र्यापेक्षाही जास्त पसरायलंय. कूलंट (कापताना मशीनवर सोडतात ते थंड ठेवणारं द्रावण) कधी थांबतं, कधी चिकटतं.

गरज तीन ठिकाणी आहे : गेज ठेवायचे ॲल्युमिनियमचे ट्रे, सीएनसीच्या दाराची आतली काच आणि कामगारांचे सुती ॲप्रन. तिन्हीला एकच लेप चालेल का? आणि पाणी पळत असताना तेल का पळत नाही, हे मुळातून कळलं तर बरं.

पृष्ठताण
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करूया, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

थेंब गोल राहतो तो स्वतःच्या पृष्ठताणामुळे. २० अंशाला पाण्याचा पृष्ठताण ७२.८ मिलीन्यूटन प्रति मीटर. इथून पुढे नुसता आकडा लिहितो, एकक हेच. ग्लिसरीन ६३, खाद्यतेलं ३२-३३ च्या आसपास, आणि खनिज तेलाच्या जातीचे शुद्ध द्रव : हेक्साडेकेन २७.५, डेकेन २३.८, ऑक्टेन २१.६, हेप्टेन २०.१. म्हणजे तेलाची स्वतःला धरून ठेवायची ताकद पाण्याच्या निम्म्याहून कमी.

स्टिअरिक ॲसिडचा थर म्हणजे वर मिथाइल टोकांचं गवत. त्याची पृष्ठऊर्जा (घन पृष्ठभागाची द्रवाला ओढून घ्यायची ताकद) २२-२४ च्या घरात. पाण्याच्या ७२.८ समोर ती फारच कमी, म्हणून गुळगुळीत थरावरसुद्धा पाण्याचा कोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी, द्रवाच्या बाजूने, करते तो) ९० च्या वर जातो. तेलाचा कोन त्याच थरावर ४० च्या आसपास.

आता खडबडीतपणा. वेन्झेलने १९३६ मध्ये मांडलेला नियम असा, की खडबडीतपणा मूळ स्वभाव वाढवतो, बदलत नाही. कोन ९० च्या वर असेल तर खरवडल्यावर आणखी वाढतो, खाली असेल तर आणखी घटतो. तुमच्या पट्टीवर खड्डे पाण्याला ढकलतात आणि तेच खड्डे तेलाला वातीसारखे ओढतात. कोऱ्या पत्र्यापेक्षा जास्त पसरतंय त्याचं कारण हेच. लेप बिघडलेला नाही, तो फक्त पाण्यासाठीच बांधलेला आहे.

उद्यमनगर_फिटर
मग स्टिअरिकच्या जागी टेफ्लॉनसारखं काहीतरी टाकलं की झालं की. एवढं किचकट कशाला?

पृष्ठताण
दादा, बहुतेक जण इथेच अडकतात. सपाट पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, ओलेपणाचा उंबरठा १८.५. त्यापेक्षा कमी पृष्ठताणाचा द्रव त्यावर पूर्ण पसरतो, जास्तीचा थेंब धरतो. हेक्साडेकेन २७.५ असल्यामुळे थेंब धरतं, पण कोन ५० च्या आतच. तीन फ्लोरिन असलेली टोकं घट्ट रचली तर पृष्ठऊर्जा ६.७ पर्यंत खाली येते. रसायनशास्त्राकडे याहून खालची पायरी नाही. तरी अशा सपाट पृष्ठभागावर पाणी १२० अंशांच्या आसपास थांबतं आणि तेल ९० ओलांडत नाही. सपाटीवर तेलाला ९० च्या वर नेणारं रसायन आजवर मिळालेलं नाही.

तेव्हा उरतो आकार. भिंत सरळ उभी असेल तर ९० पेक्षा कमी कोनाचा द्रव तिच्यावरून आत उतरतो. पण भिंतीचा माथा छत्रीसारखा बाहेर आला असेल आणि खाली आत वळला असेल, तर द्रव कडेपर्यंत येतो आणि तिथेच अडतो. पुढे जायचं तर त्याला स्वतःचा पडदा वर फुगवावा लागतो आणि पृष्ठताण ते करू देत नाही. खाली हवा कोंडून राहते, थेंब त्या हवेवर आणि माथ्यांवर टेकतो. अशी आत वळती कड ही तेल झटकण्याची पहिली अट.

गोल तंतूलाही ही कड आपोआप असते, कारण त्याचा खालचा अर्धा भाग आत वळतो. म्हणून जाळी आणि कापड यात सरळ पत्र्याच्या पुढे आहेत. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने फ्लोरिनयुक्त पिंजऱ्यासारखे रेणू पॉलिमरमध्ये मिसळून विजेच्या दाबाखाली तंतू ओढले आणि त्या चटईवर हेक्साडेकेन, डेकेन, ऑक्टेन उभे करून दाखवले. सपाट थरावर याच रसायनाला हेक्साडेकेनचा कोन ७९ होता.

त्याच्या पुढची पायरी २०१४ ची. सिलिकाच्या खांबांना टी आकाराचे माथे आणि माथ्याच्या कडेला पुन्हा खाली झुकलेली बारीक झालर. त्यावर कुठलाही लेप न देता १० पृष्ठताणाचा फ्लोरिनयुक्त द्रवसुद्धा थांबला. सिलिका स्वभावाने सगळ्यांत भिजणारी, तरी नुसत्या आकाराने काम झालं.

राजारामपुरी_गणित
आकड्यात बघितलं की कुठे काय बिघडतं ते लगेच दिसतं, म्हणून हिशोब मांडतो.

समांतर तंतू धरा. तंतूची त्रिज्या आर, दोन तंतूंमधल्या फटीचा अर्धा भाग डी. अंतर-गुणोत्तर म्हणजे आर अधिक डी, भागिले आर. थेंबाच्या दिसणाऱ्या कोनाचा कोसाइन काढायचा तर उणे १ मध्ये एक पद मिळवायचं. ते पद असं : मूळ कोनाचा (सपाट थरावरच्या कोनाचा) साइन, अधिक (π उणे मूळ कोन, रेडियनमध्ये) गुणिले मूळ कोनाचा कोसाइन, या सगळ्याला अंतर-गुणोत्तराने भागायचं.

मूळ कोन ६० घेतला तर वरची बेरीज १.९१३. गुणोत्तर ३ असेल तर थेंबाचा कोन १११, ५ असेल तर १२८, १० असेल तर १४४. मूळ कोन ७९ असेल तर बेरीज १.३१८ आणि ५ ला १३७, १० ला १५०. लक्षात घ्या, रसायन ६० वरून ७९ वर न्यायला महागडा फ्लोरिन लागतो आणि त्यातून मिळतात ६ ते ९ अंश. फट वाढवून त्याहून जास्त मिळतात.

पण फट वाढवली की दाब सोसत नाही. पडदा जास्तीत जास्त पृष्ठताण भागिले डी एवढाच दाब पेलतो, प्रत्यक्षात त्याहून कमी. तंतू १० मायक्रॉन त्रिज्येचा आणि गुणोत्तर ५ धरा. डी ४० मायक्रॉन, म्हणजे हेक्साडेकेनला कमाल दाब ०.०२७५ भागिले ०.००००४, साधारण ६९० पास्कल. १० सेंमी वरून पडणाऱ्या त्याच तेलाच्या थेंबाचा धक्का ७५८ पास्कल. म्हणजे ड्रॉपरने अलगद ठेवलेला थेंब देखणा बसणार आणि वीतभर उंचीवरून पडलेला आत घुसणार. फोटोत सुंदर दिसणारे लेप शॉपफ्लोअरवर पहिल्याच दिवशी का मरतात, त्याचं मोठं कारण हे.

तोड एकच : गुणोत्तर तेच ठेवून सगळी रचना लहान करायची. त्रिज्या १ मायक्रॉन, डी ४ मायक्रॉन. कोन तेवढाच, कमाल दाब ६,९०० पास्कलच्या आसपास.

बाजारात मिळणाऱ्या ३२५ मेशच्या (इंचाला ३२५ तारा) जाळीचा हिशोबही देतो. ताराचं केंद्र ते केंद्र अंतर ७८ मायक्रॉन, तार ३५ मायक्रॉन व्यासाची धरली तर गुणोत्तर २.२३. मूळ कोन ७९ असला तरी थेंबाचा कोन ११४ च. नुसती जाळी पुरत नाही, तारेवर आणखी बारीक खडबडीतपणा चढवावा लागतो.

लेपनशाळा
ट्रेसाठी ॲल्युमिनियमची कृती देतो. मोठा खडबडीतपणा ॲसिडने, बारीक पापुद्रे उकळत्या पाण्याने आणि शेवटी कमी पृष्ठऊर्जेचा थर.

पत्रा आधी साबण, मग ॲसिटोनने तेलमुक्त करा. पाण्याचा सलग पडदा न तुटता राहिला पाहिजे, पडदा फाटला तर तिथे अजून तेल आहे. तीन भाग पाण्यात एक भाग ३७ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड ओता. ॲसिड पाण्यात, उलटं कधीच नाही. हे साधारण ३ मोलर होतं. पत्रा ५ ते १० मिनिटं. सुरुवातीचं एखाद मिनिट काहीच होत नाही, कारण वरचा ऑक्साइड आधी विरघळतो, मग एकदम बुडबुडे सुटतात आणि द्रावण तापतं. तापलं की वेग आणखी वाढतो आणि पत्रा असमान खातो. म्हणून भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि दर चौरस डेसिमीटर पत्र्याला निदान अर्धा लिटर द्रावण घ्या. बुडबुडे हायड्रोजनचे आहेत, तेव्हा हवेशीर जागा आणि जवळ ठिणगी नको.

बाहेर काढल्यावर पृष्ठभागावर काळपट साय दिसते. ती मिश्रधातूतलं तांबं आणि सिलिकॉन. ती तशीच ठेवून लेप दिला तर लेप सायीला धरतो आणि सायीसकट निघतो. ५ मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथ, नसेल तर नायलॉनचा मऊ ब्रश आणि भरपूर पाणी. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये २० ते ३० मिनिटं उकळा. पृष्ठभागावर बोहमाइटचे (ॲल्युमिनियमच्या जलयुक्त ऑक्साइडचे) नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे उगवतात. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरलं तर क्षार बसतात आणि पापुद्र्यांची वाढ बिघडते. १०० अंशाला वाळवा.

फ्लोरोसिलेन : सहा फ्लोरिनयुक्त कार्बनच्या शेपटीचं ट्रायएथॉक्सीसिलेन १ टक्का, ९५ टक्के इथेनॉल आणि ५ टक्के पाणी, ॲसेटिक ॲसिडने पीएच ४.५ ते ५. तासभर ढवळा, म्हणजे एथॉक्सी गट सुटतात. पत्रा तासभर बुडवा, इथेनॉलने धुवा, १२० अंशाला तासभर भाजा. द्रावण गढूळ झालं तर सिलेन एकमेकांतच जुळलंय. ते टाका, पत्र्याला धरणार नाही.

शेंगदाणा तेलासारख्या ३२-३३ च्या तेलाला हा पृष्ठभाग चांगला उभा राहतो. हेक्साडेकेनला निकाल खोदण्याच्या वेळेवर हलतो, म्हणून ४, ६, ८, १० मिनिटांच्या चार पट्ट्या काढून बघितल्याशिवाय ट्रे ॲसिडात टाकू नका. मिश्रधातू बदलला की वेळ बदलते.

उद्यमनगर_फिटर
आठ कार्बनवाली शेपटी जास्त चांगली म्हणतात, ती का नको?

लेपनशाळा
तेल झटकायला ती खरंच चांगली. आठ कार्बनच्या शेपट्या स्फटिकासारख्या घट्ट उभ्या राहतात, सहाच्या शेपट्या हलत्या असतात आणि पाण्यात राहिल्या की आत वळतात. पण आठची शेपटी निसर्गात तुटत तुटत पीएफओए हे फ्लोरिनयुक्त ॲसिड बनते आणि ते पुढे तुटत नाही. टिकून राहणाऱ्या प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याच जातीचं पीएफओएस २००९ ला, पीएफओए २०१९ ला आणि सहा कार्बनचं पीएफएचएक्सएस २०२२ ला आलं. सहाची शेपटीसुद्धा निर्दोष नाही, तिचे तुकडेही टिकून राहतात. पंचगंगेत आधीच काय काय उतरतंय ते आपण सगळे बघतो. उरलेलं द्रावण गटारात ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचऱ्यात द्या. आणि ट्रेला खरंच फ्लोरिन लागतो का, हे आधी विचारा.

इचल_प्रोसेस
ॲप्रनचं सांगतो. कापडाची गंमत अशी की तंतूला गोलाई आधीच आहे. कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये हवा कोंडून राहण्याचं जे सूत्र मांडलं, ते सच्छिद्र पृष्ठभागांसाठी, म्हणजे आपल्या कापडासाठीच.

सहा कार्बनचं फ्लोरोकार्बन इमल्शन ४० ते ६० ग्रॅम प्रति लिटर, ॲसेटिक ॲसिडने पीएच ४ ते ५. पॅडिंग मँगलवर (कापड द्रावणात बुडवून पिळणाऱ्या रोलरवर) पिक-अप, म्हणजे कापडाच्या वजनाच्या तुलनेत धरलेलं द्रावण, ७० ते ८० टक्के. स्टेंटरवर (कापड ताणून वाळवणाऱ्या यंत्रावर) ११०-१२० ला वाळवण, मग १५० ते १६० ला २ ते ३ मिनिटं क्युअरिंग. क्युअरिंग म्हणजे हवेचं नव्हे, कापडाचं तापमान. जाड ड्रिल कापडाला आत उष्णता पोचायला वेळ लागतो आणि तिथे वेळ कमी पडली की शेपट्या नीट उभ्या राहत नाहीत.

बिघाड जवळजवळ नेहमी आधीच्या प्रक्रियेत असतो. सायझिंगचा (सुताला लावलेल्या खळीचा) स्टार्च उरलाय का ते बघायला आयोडीनचा थेंब टाका, निळं-काळं झालं की परत डिसायझिंग, म्हणजे खळ काढणं. ओलावण्यासाठी घातलेला वेटिंग एजंट धुतला गेला नसेल तर तो लेपाच्या बरोबर उलटं काम करतो. आणि सिलिकॉन सॉफ्टनर त्याच बाथमध्ये अजिबात नको. कापड हाताला मऊ लागतं, पाणीही पळतं, पण तेलरोधाची श्रेणी (खालच्या तपासणीतला आकडा) खूपच खाली येते. कारण सिलिकॉन वर येऊन बसतं आणि त्याची पृष्ठऊर्जा फ्लोरिनपेक्षा जास्त.

तपासणी एएटीसीसी ११८ या कापडाच्या तेलरोधाच्या अमेरिकन कसोटीने. आठ द्रव. पहिलं जड खनिज तेल, तिसरं हेक्साडेकेन, सहावं डेकेन, आठवं हेप्टेन. ०.०५ मिलीचे थेंब, ३० सेकंद, कापड भिजलं नाही की पुढचा द्रव. मशीनशॉपच्या ॲप्रनला श्रेणी ५, म्हणजे पाचव्या द्रवापर्यंत न भिजणं, मिळाली तर पुष्कळ. धुतल्यावर श्रेणी उतरली तर गरम इस्त्री फिरवा, वळलेल्या शेपट्या परत उभ्या राहतात. इस्त्रीनंतरही उतरलेलीच असेल तर लेप गेला.

मिसळ_पार्सल
मंडळी, जरा बाजूचा प्रश्न. मिसळीचा कट गरम असताना पार्सलच्या कागदातून तेल फुटतं, गार कटाला तोच कागद टिकतो. वरचं फ्लोरोकार्बन कागदाला लावलं तर?

पृष्ठताण
नका लावू, कळकळीने सांगतो. अन्नाला लागणाऱ्या कागदावरून जग हे रसायन काढतंय. डेन्मार्कने २०२० मध्ये बंदी घातली. अमेरिकेत अन्नाच्या कागदावरची ही तेलरोधक रसायनं विकणं थांबल्याचं तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने २०२४ मध्ये जाहीर केलं.

गरम कट फुटतो त्याचं कारण पृष्ठताण दर अंशाला थोडा थोडा घटतो. २० ला ३३ असलेलं तेल ९० ला २८ च्या आसपास येतं, म्हणजे हेक्साडेकेनच्या पंगतीत बसतं. शिवाय पातळ होतं, त्यामुळे छिद्रातून लवकर पुढे सरकतं.

तुम्हाला तेल झटकायचं नाही, अडवायचं आहे. त्याला छिद्रंच नसलेला कागद हवा. लगदा खूप कुटून बनवलेला ग्लासिन किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल अथवा स्टार्चचा सलग थर दिलेला. फक्त हे दोन्ही थर पाण्याला कच्चे आणि कटात तेलाखाली रस्सा असतोच, तेव्हा पातळ पदार्थ डब्यातच द्या. कागद फरसाण आणि भज्यांपुरता. विकणाऱ्याला किट नंबर विचारा. एरंडेल, टोल्युइन आणि हेप्टेनच्या मिश्रणांनी १ ते १२ अशी ती श्रेणी काढतात.

काच_आणि_कोन
काचेवर खडबडीत लेप चालणार नाही, धूसर दिसेल. तिथे दुसरी वाट. मोठ्या कोनाचा नाद सोडायचा आणि थेंब अडकू द्यायचा नाही.

थेंब उतारावर धरून ठेवतो तो पुढच्या आणि मागच्या कडेच्या कोनातला फरक. १० मायक्रोलिटर हेक्साडेकेन घ्या. एका पृष्ठभागावर पुढचा कोन ७० आणि मागचा ५०, दुसऱ्यावर ३५ आणि ३४. पहिल्यावर थेंब फुगीर, बघायला छान, पण सरकायला साधारण २८ अंशांचा उतार लागतो. दुसऱ्यावर थेंब चपटा, तरी एका अंशाच्या जरा वर उतार मिळाला की निघाला. दाराच्या काचेला दुसराच हवा.

असा पृष्ठभाग पीडीएमएसच्या (एक सिलिकॉन पॉलिमर) साखळ्या एका टोकाने काचेला बांधून मिळतो. साखळ्या द्रवासारख्या हलत्या राहतात, थेंबाला पकड मिळत नाही, फ्लोरिनही लागत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली कृती घरगुती प्रयोगशाळेच्या आवाक्यातली आहे. आयसोप्रोपॅनॉल १०० ग्रॅम, डायमिथाइलडायमिथॉक्सीसिलेन १० ग्रॅम, तीव्र सल्फ्युरिक ॲसिड १ ग्रॅम, ॲसिड शेवटी थेंब थेंब. ढवळून २० ते ३० मिनिटं ठेवा. स्वच्छ काच ५ ते १० सेकंद बुडवा, सावकाश काढा, दमट हवेत २० मिनिटं ठेवा, मग पाणी, आयसोप्रोपॅनॉल, टोल्युइन या क्रमाने धुवा. हातमोजे, चष्मा आणि खेचणारा पंखा हवाच.

सगळं दमटपणावर अडतं. ६० ते ७५ टक्के पाहिजे. एप्रिलच्या कोरड्या दुपारी साखळ्या वाढत नाहीत, जुलैत पाऊस कोसळत असताना ठिपके उठतात. बंद डब्यात मिठाचं संपृक्त द्रावण, तळाशी न विरघळलेलं मीठ दिसेल असं, उथळ ताटलीत रात्रभर ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. कोरड्या दिवसांत वर चढते, पावसाळ्यात खाली उतरते, एकच डबा दोन्ही ऋतूंना पुरतो.

काच स्वच्छ म्हणजे तिच्यावर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची टोकं, ज्यांना साखळ्या धरतात) उघडे हवेत. साबण, मग काही मिनिटं १ मोलर कॉस्टिक, भरपूर डिस्टिल्ड वॉटर, वाळवण. पाणी पूर्ण पसरलं पाहिजे.

शिरोली_टूलरूम
सगळ्यांचे आभार. हिशोबावरून खोदण्याची वेळ आणि थेंबाची उंची दोन्ही तपासतो. दोन शंका : दाराची आतली बाजू पॉलिकार्बोनेटची असेल तर? आणि कूलंटचं काय?

काच_आणि_कोन
पॉलिकार्बोनेटवर हायड्रॉक्सिल नाहीत, वरची कृती सरळ चालणार नाही. आधी सिलिकाचा पातळ थर किंवा ऑक्सिजन प्लाझ्मा लागेल. ज्या दारात आतून काच आणि मागे पॉलिकार्बोनेट अशी जोडी असते, तिथे काचेची बाजू सुटी करून बुडवा. ट्रेच्या ॲल्युमिनियमवर मात्र हे ॲसिडचं द्रावण वापरू नका.

पृष्ठताण
कूलंट सगळ्यांत अवघड, तेलापेक्षाही. पाण्यात मिसळणाऱ्या कूलंटमध्ये इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळून ठेवणारं रसायन) असतो. तो पृष्ठताण ३०-३५ पर्यंत आणतो, वर स्वतः पृष्ठभागावर जाऊन बसतो आणि लेपाचा स्वभावच बदलतो. पाणी उडून गेलं की इमल्सिफायर आणि तेलाचा चिकट पापुद्रा उरतो. तुमचं कूलंट कधी थांबतं, कधी चिकटतं, ते त्यामुळेच.

शिवाय कूलंटचा पीएच ८.५ ते ९.५ राखतात आणि काच ते पीडीएमएस हा बंध अल्कलीत हळूहळू तुटतो. म्हणून तपासणी ताज्या थेंबाने करू नका. लेप दिलेली काच चालू टाकीतल्या कूलंटमध्ये १, ३, ७ आणि १४ दिवस बुडवून ठेवा, दर वेळी पाणी आणि आयसोप्रोपॅनॉलने धुवा, मग १० मायक्रोलिटर हेक्साडेकेन कोणत्या उताराला सुटतं ते कोनमापकावर मोजा. ५ अंशांच्या वर गेलं की त्या दिवसाच्या आधी लेप नव्याने द्यायचा. ट्रेच्या पट्टीला बुडवण्याऐवजी घासण्याची कसोटी लावा. सुती चिंधीवर १०० ग्रॅम वजन ठेवून २० फेऱ्या, मग तेल. आत वळती कड घासली गेली असेल तर थेंब लगेच सांगतो.